अंगणातलं ग्वाम

दोहात संसार मांडल्यावर पहिले कित्येक महिने मी भाकरी थापली नाही. पीठ मिळत नव्हतं असं नाही. अल मन्सूरात आमच्या इमारतीच्या खालीच किराणा दुकान होतं. तिथं ज्वारीचं पीठ, शेंगदाणे, लसूण, अगदी हुलगेसुद्धा मिळायचे. पण भाकरीला आवाज असतो. परातीत थपथप होणार, आणि एका खोलीच्या घरात ती थपथप थेट यांच्या उशाशी जाऊन पोचणार. हे, म्हणजे माझे यजमान दत्तात्रय, रात्रपाळीवर होते. उजाडता उजाडता घरी यायचे, आंघोळ करून चार घास खायचे आणि पडदा ओढून झोपायचे, ते ऊन कलेपर्यंत. त्यांची झोप मोडू नये म्हणून मी त्या घरातला एकेक आवाज हुडकून काढला आणि बंद केला. कुकरची शिट्टी नको म्हणून डाळ पातेल्यात शिजवली. मोहरी तडतडते म्हणून फोडणी हे घरी यायच्या आधी करून ठेवायची. दाराची कडी वाजायची, तिच्यात चिंधी कोंबली. बांगड्या कोपराकडे सरकवून वर रुमाल बांधला. आईचा फोन आला की चपला हातात घेऊन जिन्यात जायचं आणि तिथं बोलायचं. येताना आईनं सामानात लोखंडी खलबत्ता दिला होता, शेंगांच्या चटणीसाठी. विमानतळावर त्याच्या वजनावरून बरीच बोलाचाली झाली होती. तो मी जुन्या साडीत गुंडाळून पलंगाखाली सरकवला होता आणि झाडताना केरसुणी त्याला लागू नये इतकी काळजी घेत होते.

दिवसभर मग मी भिंतीकडे तोंड करून बसायची, कारण पडद्याच्या फटीतून उजेड त्या बाजूनं यायचा. मांडीवर नकाशासंग्रह असायचा. तो माझ्या कॉलेजातल्या भूगोलाच्या बाईंनी लग्नात आहेर म्हणून दिला होता. बाकीच्यांनी स्टीलची भांडी दिली, बाईंनी जग दिलं, असं माझे वडील पुढं सगळ्यांना सांगत. वडील करमाळ्याच्या बाजार समितीत हमाल होते. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. पदवीचा निकाल लागला त्या दिवशी ते पाठीवरचं पोतं उतरवून आले होते, हात धुऊन ते गुणपत्रक दोन बोटांनी धरून बघत राहिले, आणि त्यांनी एवढंच विचारलं, "ह्यात तुझं नाव कुठं हाय, दाखव." मी बोट ठेवलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण बोट ठेवलेली जागा त्यांनी नीट बघून घेतली. मी आयुष्यात जे काही शिकवू शकले, ते त्या पोत्यांच्या आणि बाईंच्या उपकारावर. त्यामुळं असेल, त्या खोलीत पुस्तकाचं पान उलटताना मला लाज वाटायची. पानाचाही आवाज होतो.

यांचं काम पाणी उपसण्याचं. दोहात त्या काळी जिकडंतिकडं खोदकाम चाललं होतं. फुटबॉलचा विश्वचषक यायचा होता, स्टेडियमं उभी राहत होती, मेट्रोचे बोगदे जमिनीखाली सरकत होते, आणि जिथं खोल खणावं तिथं खालून खारं पाणी वर येत होतं. पाया भरून सुकेपर्यंत ते पाणी रात्रंदिवस पंपानं बाहेर काढत राहायचं. समुद्राकडच्या एका स्टेडियमच्या खड्ड्यावर हे पंपांचे सुपरवायझर होते. खड्ड्याच्या कडेला पत्र्याची केबिन, तिच्या भिंतीला खेटून डिझेलचे पंप, आणि सगळी रात्र ती धडधड. एकदा त्यांनी मला फोनवर ती ऐकवली होती. मी म्हटलं, "ह्यात माणूस बहिरा होईल." हे म्हणाले, "ह्यातच बरं वाटतंय. ही थांबली की घाम फुटतो."

ते वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. माणसं किती वेळा आपल्याला सगळं सांगून टाकतात आणि आपण भाजी निवडत असतो.

मी उन्हाळ्यात आले तेव्हा खोलीतला जुना एसी दिवसरात्र चालायचा. खिडकीत बसवलेला तो डबा ट्रॅक्टरसारखा खडखडायचा. यांना तेव्हा गाढ झोप लागायची. मी त्याचं श्रेय माझ्या काळजीला देत होते. उकाडा जरा उतरला तसा मी तो खडखडाट पहिल्यांदा बंद केला. आमची खोली आतल्या बाजूला, ऊन न येणारी. पंख्यावर भागत होतं, आणि पंखा नवा, मुकाट फिरणारा. आता तर घर अगदी देवळाच्या गाभाऱ्यासारखं शांत झालं. आणि नेमके त्याच दिवसांत हे उतरत गेले. डोळ्यांखाली काळं आलं. झोपेत सारखे कूस बदलायचे, मध्येच डोळे उघडून छताकडे बघायचे. मला वाटलं, माझंच काहीतरी वाजतंय. मी आणखी हलकं चालायला लागले. एकमेकांशी बोलणं असं उरलं नाही. ते घरी असत तेव्हा झोपलेले, उठले की जेवून बस गाठायचे. कामावर नेणारी बस संध्याकाळीच निघायची. जेवताना दोघंही थकलेलो. मी काही न करता थकत होते, हे मला कुणाला सांगता आलं नसतं.

अशाच एका जेवणात ते चपातीचा तुकडा हातात धरून म्हणाले, "सुवर्णा, दिवाळी झाली की तू गावाकडं जाऊन ये."

"जाऊन ये, म्हणजे परत यायचं?"

"ते तुझ्यावर हाय. बी.एड.चं बघ म्हणं. तुझे वडील बी म्हणत व्हते."

"मी इथं नको झालेय का?"

"तसं कुठं म्हणलं मी? तुला इथं करमत न्हाई. दिसतंय की."

"मी कधी म्हटलं तसं?"

"म्हणायला कशाला पायजे," ते म्हणाले आणि पाणी प्यायले.

तिकीट काढून झालं होतं. परतीचं नव्हतं. मी मनात हिशोब जुळवला तो असा, की रात्रभर राबणाऱ्या माणसाला एका खोलीत बायको सोबत घेऊन झोपणं झेपत नाही, आणि हा भला माणूस ते तोंडावर सांगू शकत नाही. भांडायला जागाच नव्हती. भांडण म्हणजे पुन्हा आवाज.

त्या महिन्यांत माझं बोलणं ज्या एका घरात व्हायचं ते अल गराफात होतं. मृणालताई मूळच्या नाशिकच्या. त्यांचे यजमान गॅसच्या कामावर समुद्रात असत, महिन्यातले निम्मे दिवस घरी नसत. गणपतीत ओळख झाली, मी भूगोलाची पदवीधर आहे म्हटल्यावर त्यांनी मुलीची शिकवणी घ्यायला सांगितलं. दुपारनंतर त्यांचा ड्रायव्हर मला न्यायला यायचा. व्हिलाच्या फाटकातून आत शिरलं की मिक्सरचा आवाज, टीव्हीचा आवाज, आणि त्या दोहोंवर इराचा आवाज. इरा दहा वर्षांची. मराठी सगळं समजायचं, बोलायची मात्र इंग्रजी मिसळून, निव्वळ मराठी रागावली तरच. त्या घरात मी उगाच मोठ्यांदा बोलायची. मृणालताई एकदा हसून म्हणाल्या, "सुवर्णा, मी इथंच आहे गं, समोरच्या शेतात नाही."

दिवाळीच्या तोंडावर इराच्या शाळेनं प्रत्येक मुलाला एकेक बेट नेमून दिलं. बेटाचा भूगोल, तिथली निसर्गसंपत्ती, सगळं अभ्यासून, प्रतिकृती करून, तिचे फोटो घेऊन वर्गात सांगायचं. इरा दप्तर आपटून म्हणाली, "आय गॉट ग्वाम. रियाला हवाई मिळालं, मला ग्वाम. इट्स नॉट फेअर."

मी नकाशासंग्रह उघडला. पॅसिफिक महासागराची दोन पानं निळीच निळी, आणि शिवणीजवळ एक ठिपका. माशी बसल्यासारखा. "हे?" इरा म्हणाली. "ह्याच्यात निसर्ग कुठून मावणार?" हे तिनं निव्वळ मराठीत म्हटलं, म्हणजे रागच होता.

मग आम्ही दोघी त्या ठिपक्यात शिरलो. ती संगणकावर इंग्रजीत शोधायची, मी माझ्या मराठी पुस्तकांतून शिकलेलं जुळवून सांगायची. अमेरिकेच्या ताब्यातलं, पण अमेरिकेपासून महासागरभर दूर असलेलं बेट. उत्तरेचा अर्धा भाग म्हणजे चुनखडीचं सपाट पठार, कधीकाळी समुद्रातलं प्रवाळ होतं ते वर उचललं गेलेलं. दक्षिणेचा अर्धा भाग ज्वालामुखीच्या तांबड्या डोंगरांचा. नद्या सगळ्या दक्षिणेला. उत्तरेला धो धो पाऊस पडूनही एक नदी नाही, कारण चुनखडी सगळं पाणी पिऊन टाकते. आणि इथं मला कॉलेजातल्या बाईंचा आवाज ऐकू आला. पिऊन टाकलेलं ते पाणी खाली गेल्यावर समुद्राच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही, त्याच्यावर तरंगून राहतं. गोडं पाणी हलकं, खारं जड. बेटाच्या पोटात गोड्या पाण्याची एक मोठी भिंगासारखी चकती खाऱ्या पाण्यावर पडून असते, आणि तिथली माणसं बरीचशी तिच्यावर जगतात. हळूहळू उपसली तर पुरते. अधाशासारखी उपसली की खालचं खारं वर येतं. बाईंनी हे शिकवलं तेव्हा मी करमाळ्याच्या टँकरच्या रांगेतून वर्गात आले होते, म्हणून ते डोक्यात घट्ट बसलं असावं.

बेटाभोवती पांढऱ्या प्रवाळाचं कडं, आणि कड्याच्या पलीकडं जरा पुढं जगातली सगळ्यात खोल गर्ता. तिथले लोक म्हणे गमतीनं म्हणतात, आमची टेकडी गर्तेच्या तळापासून मोजा, मग बघू जगात कोण उंच आहे ते. इराला हे भलतंच आवडलं. "मोअर दॅन हवाई?" "मोजणाऱ्यावर आहे," मी म्हटलं. ती त्या दिवसापासून ग्वामची झाली.

प्रतिकृती थर्माकोलची करायचं चाललं होतं. मी म्हटलं, दिवाळी आहे, आपण किल्ला करतो तसं करू. विटा, गोणपाट, वरून चिखल. इरानं किल्ला कधी केला नव्हता. मृणालताई म्हणाल्या, "कल्पना छान आहे गं, पण माती? इथं सगळी वाळू. धरून ठेवली तर राहते, नाहीतर आली तशी निघून जाते."

"हे आणतील," मी म्हटलं.

यांना मी चिठ्ठीवर लिहून सांगितलं, कारण ते झोपले होते. दोन दिवसांनी साइटवरच्या एका पिकअपमधून खड्ड्यातल्या मातीची पोती अल गराफात येऊन पडली. राखाडी, चिकट, हातात घेतली की वळणारी. आम्ही तिघींनी ओचे खोचून ग्वाम घडवलं. उत्तरेला पठार, दक्षिणेला डोंगर. डोंगरांना तांबडा रंग यावा म्हणून रांगोळीतला गेरू कालवला. प्रवाळाला दोहाजवळच्या वक्रा गावाच्या किनाऱ्यावरून गोळा केलेले शंख-शिंपले. समुद्राला निळी ताडपत्री. किल्ल्याला खंदक असतो तसा बेटाच्या एका अंगाला खोल खड्डा खणला, ती गर्ता. जंगलासाठी, किल्ल्यावर पेरतो तशी मोहरी आणि अळीव पेरले. मी हौसेनं कणकेचे छोटे पक्षी केले, हळदीत रंगवले आणि झाडांच्या जागी काड्यांवर टोचले. शिवाजी महाराजांच्या जागी पक्षी, एवढाच काय तो फरक.

इरा संगणकावरून उठून आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सुवर्णा आंटी, काढा ते. देअर आर नो बर्ड्स."

"जंगल आहे आणि पक्षी नाहीत?"

"होते. मोठ्या युद्धानंतर जहाजांच्या सामानातून एक साप आला. ब्राऊन कलरचा, झाडावर चढणारा. त्यानं सगळी अंडी खाल्ली, सगळे बर्ड्स खाल्ले. आता फक्त स्पायडर्स. जंगलभर जाळी."

मृणालताई पक्षी काढून घेऊ लागल्या. इरा त्या काड्यांच्या भोकांकडे बघत होती. "सो जंगलात गेलं की नुसतं क्वायट? काहीच वाजत नाही?"

"काहीच नाही," मी म्हटलं.

"दॅट्स हॉरिबल. माणसं कशी राहतात?"

"सवय होते," मी म्हणाले. मृणालताईंनी हातातला पक्षी तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. मी ताडपत्रीची घडी सारखी करत बसले.

बी पेरून आठवडा होत आला तरी काही उगवलं नाही. मोहरी दोन-तीन दिवसांत तोंड वर काढते. इथं मातीवर उलट पांढरी पूड चढली, पीठ भुरभुरल्यासारखी. इरा रोज शाळेतून आली की आधी बेट बघायची आणि मग तोंड पाडून आत यायची. शेवटी एका सकाळी, हे चहा घेत होते तेव्हा, मी विषय काढला. त्यांनी कप खाली ठेवला.

"पांढरं आलंय? मग मीठ हाय ते. सगळी खाऱ्या पाण्यातली माती ती."

"मग आधी सांगायचं नाही?"

"तू लिहिलंस किल्ल्याला माती पायजे. किल्ल्याला म्हणल्यावर म्या बघितलं चिकट किती हाय. पेरणार हायस हे कुठं लिहिलंस?"

"तुमच्या माढ्याकडं किल्ल्यावर पेरत नाहीत का काही?"

"पेरत्यात की," ते म्हणाले आणि क्षणभर, किती दिवसांनी, हसले. "डोक्यातच आलं न्हाई. शुक्रवारी येतो म्हणं. बघू काय करता येतंय."

शुक्रवार हा त्यांचा एकच मोकळा दिवस, आणि तो ते झोपण्यात घालवत. त्या शुक्रवारी ते माझ्याबरोबर अल गराफात आले. बेटाभोवती एक फेरी मारली, मातीचा खडा जिभेला लावून थुंकले, मग खुरपं मागून घेऊन पायथ्याशी चर काढला आणि त्याचं तोंड बागेच्या नालीकडं वळवलं. "वरनं गोडं पाणी सोडायचं, हळू. दम धरून. मीठ त्याच्यासंगं खाली जातंय. घाई केली की नुसता चिखल वाहतो." मी म्हटलं, "खऱ्या ग्वामचं असंच आहे," आणि त्यांना त्या तरंगत्या पाण्याचं सांगितलं. चिखलाच्या हातानं हवेत चकती काढून दाखवली. ते खुरपं टेकवून उकिडवे बसून ऐकत होते. मी यांना काही शिकवतेय असं आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा होत होतं, आणि ते वर्गातल्या पोरासारखे ऐकत होते. "म्हणजे आम्ही उपसतो त्याच्या उलटं," ते म्हणाले. "आमच्याकडं खड्ड्यात वरचं पाणी कधी कधी गोडसर लागतंय. म्हणलं भास असंल. आता कळलं." इरानं झारी आणली. "काका, स्लोली?" "यल्ला, चल. पण हळू," हे म्हणाले.

ते म्हणाले, जरा टेकतो. कुंपणाच्या भिंतीपाशी प्लास्टिकची खुर्ची होती. शेजारीच गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप, नळ सारखा चालू असल्यानं तोही चालू. ते बसले आणि बसल्या बसल्या त्यांची मान छातीवर आली.

मी लगेच तोंडावर बोट ठेवलं. पण ते घर कुणाचं ऐकणार? इराच्या दोन मैत्रिणी आल्या आणि तिघी बेटाभोवती किंचाळत पळू लागल्या. आत मृणालताईंनी चकलीची भाजणी घेतली होती, मिक्सर गुरगुरत होता, मागोमाग कुकर बोंबलू लागला. मी अंगणात आणि स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होते. "इरा, हळू बोल, काका झोपलेत." "ताई, तो मिक्सर जरा…" मृणालताई खिडकीतून डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगं, बघ तरी त्यांच्याकडं. घोरतायत."

खरंच घोरत होते. तोंड उघडं, हात खुर्चीखाली लोंबलेले, कपाळावरच्या आठ्या नाहीशा झालेल्या. असा चेहरा मी उन्हाळ्यानंतर पाहिला नव्हता. मी त्यांच्यासमोर पायरीवर बसले. चकल्या तळल्या गेल्या, पोरी त्यांच्यावरून भांडल्या, कुणाचा तरी फुगा फुटला. ते हलले नाहीत. मला काही कळेना, आणि कळायच्या आधी थोडी धास्तीच वाटली.

मग पोरी खायला आत गेल्या. मिक्सर थांबला होता. नळ बंद झाला, टाकी भरली, आणि भिंतीजवळचा पंप खट्कन थांबला. अंगणात एकदम काहीच नाही. त्याच क्षणी हे ताडकन उभे राहिले. डोळे उघडायच्या आधी उभे राहिले. पाय जमिनीवर बूट चाचपत होते.

"कंचा बंद पडला?" ते म्हणाले. "पाणी कुठवर आलंय?"

"अहो, घरी आहात. म्हणजे मृणालताईंकडं. टाकीचा पंप आहे तो."

ते खाली बसले. तोंडावरून हात फिरवला. "असं होतंय बघ. पंप चालू असला की केबिनमध्ये अर्धा-पाऊण तास डोळा लागतो आळीपाळीनं. बंद पडला की मेलेला माणूस उठंल. पाणी चढलं तर सगळ्या मजुरांची मेहनत बुडाली. कानाला आता तेवढंच कळतंय. आवाज हाय म्हणजे सगळं बरं हाय."

मी विचारलं, "मग आपल्या घरी?"

त्यांनी हातावरचा वाळलेला चिखल खरवडला. "घरी काहीच वाजत न्हाई. एसी होता तवर बरं व्हतं. आता सारखी जाग येती. छातीत धस्स होतं, वाटतं बंद पडला. मग आठवतं की घरी हाय. मग मान वळवून बघतो, तर तू भिंतीकडं तोंड करून बसलेली. बोलणं न्हाई, चालणं न्हाई. म्हणलं, रुसलीय. किती दिवस डांबून ठेवायचं हिला."

"मी तुमची झोप मोडू नये म्हणून," मी म्हटलं.

"आन् भाकरी?"

"तिचा आवाज होतो."

"मला वाटलं, शिकलेली हाय, तिला न्हाई आवडत भाकरी थापायला. कशाला बोलायचं. चपाती बी चांगलीच असती." आणि मग अगदी दमलेल्या आवाजात, "सुवर्णा, मला चपाती गिळत न्हाई गं."

आत मृणालताईंनी तळणीत चकल्यांचा पुढचा घाणा सोडला. तो चुर्र आवाज येईपर्यंत आम्ही दोघं त्या मिठाच्या बेटासमोर बसलो होतो, दोन थकलेली माणसं, आणि हसावं की रडावं याचीही ताकद नव्हती. दोघांनी एकमेकांची एवढी काळजी घेतली होती की त्यात दोघंही वाळून चाललो होतो. आज कुणी नवीन जोडपं माझ्याकडं आलं, की मी त्यांना बाकी काही सांगत नाही. घरात जरा भांडी आपटा म्हणते. त्यांना वाटतं, बाईंचं वय झालं.

बेटावर दुसऱ्यांदा पेरलेली मोहरी उगवली. आधी उत्तरेच्या पठारावर, मग डोंगरांच्या उतारावर, दिवाळीच्या पहिल्या दिव्यापर्यंत सगळं ग्वाम हिरवं. कडेकडेनं मिठाचा पांढरा पट्टा राहिला, तो इरानं प्रवाळ म्हणून खपवला. ती वर्गात काय बोलली ते मला ठाऊक नाही. एवढं ठाऊक आहे की फोटो काढायच्या आधी तिनं काढून ठेवलेल्या पक्ष्यांतला एक शोधून आणला आणि दक्षिणेच्या टोकासमोर ताडपत्रीवर एक दगड ठेवून त्यावर बसवला. मी म्हटलं, "पक्षी नाहीत ना तिथं?" ती म्हणाली, "ह्या छोट्या आयलंडवर आणून सोडलेत थोडे. केजमध्ये वाढवलेले. आय रेड इट." आणि मग, रागावलेली नसताना, निव्वळ मराठीत, "परत येतायत हळूहळू."

माझं तिकीट रद्द झालं. बी.एड. मी पुढं बऱ्याच वर्षांनी केलं, वर्गातली सगळ्यात मोठी विद्यार्थिनी म्हणून. वडिलांना तेही गुणपत्रक दाखवलं. त्यांनी पुन्हा विचारलं, नाव कुठं हाय. दोहा आम्ही सोडून आता फार दिवस झाले. त्या स्टेडियमात पुढं काय खेळले ते आम्ही टीव्हीवर पाहिलं. सामना कुणाचा होता ते माझ्या लक्षात नाही. हिरवळ दाखवली की हे म्हणायचे, "त्याच्या खाली बघ, त्याच्या खाली." यांना आता हाक मारली तर ऐकू येत नाही, पण दुपारी वीज गेली आणि पंखा थांबला की अजून उठून बसतात.

त्या शुक्रवारनंतरची पहिली रात्रपाळी संपली तो दिवस मात्र मला जसाच्या तसा आठवतो. हे उजाडता घरी आले, आंघोळ केली आणि पडदा ओढून पडले. मी मनगटावरचा रुमाल सोडला. दाराच्या कडीतली चिंधी काढली. पलंगाखालून खलबत्ता ओढला. तो फरशीवर घासत आला आणि माझ्या अंगावर काटा उभा राहिला, इतकी सवय झाली होती. कुकर लावला. शेंगा, लसूण, तिखट, मीठ घेऊन चटणी कुटली. मग परात पुढं घेतली आणि पीठ मळून थापायला बसले. हात विसरला असेल असं वाटलं होतं, पण तो विसरला नव्हता. मागं घोरणं चालू होतं, सावकाश, एका लयीत. भाकरी मोठी मोठी होत गेली. मी ती उचलून तव्यावर टाकली, आणि पाणी फिरवेपर्यंत घरात क्षणभर काहीच वाजलं नाही.

पलंग करकरला. "बंद पडला का?" हे झोपेतच म्हणाले.

"नाही," मी म्हटलं. "भाकरी तव्यावर टाकली. झोपा." आणि दुसरा गोळा घेऊन पुन्हा थापायला लागले.